दत्तारामच्या विमानाचा डावा पंख

मंडळी, इतके लोक येतील असं वाटलं नव्हतं. आजूबाजूच्या गाळ्यांतले सगळे काम टाकून आलेत. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, सभेत कधी बोललो नाही. काही चुकलं तर मला थांबवा.

दत्तारामला जाऊन दहा दिवस झाले. चारकोपच्या गाळ्यात आम्ही दोघांनी नऊ वर्षं एक विमान बांधलं. छोटं, दोन माणसांचं. लोक हसायचे. मला धास्ती वाटायची. रोज विचारायचो, "दत्त्या, आपल्याला पकडणार तर नाहीत ना?"

"अरे घाबरट," तो म्हणायचा, "कारखान्यातल्या विमानाला कारखाना जबाबदार. घरी बांधलेल्याची नोंदणी वेगळी. अर्ध्याहून जास्त काम स्वतःच्या हातांनी केलेलं दाखवायचं. पगारी माणूस लावायचा नाही."

मी पगारी नव्हतो, मंडळी. मित्र होतो. डावा पंख माझा. त्याचे पत्रे जोडणारा एकेक रिवेट मी मारलाय.

प्रत्येक टप्प्याचा फोटो लागायचा. फोटोच्या वेळी दत्ताराम म्हणायचा, "जरा बाजूला हो रे. नियमात बांधणारा एकच चालतो." मी रिवेट गन त्याच्या हातात द्यायचो आणि बाजूला व्हायचो. नियमच तसा, तर मी काय बोलणार?

परवा त्याचा मुलगा नितीन फाइल घेऊन घरी आला. नोंदणी अजून अडलेली आहे. काही फोटोंत माझे हात दिसतात, तपासणीला येणारे साहेब विचारतील. म्हणून त्याने कागद लिहून आणला होता, की मी गाळ्यात फक्त गप्पा मारायला बसायचो. त्यावर माझी सही हवी.

माझ्या नातीने फाइल चाळली. अर्जात बांधणाऱ्यांच्या नावांना दोन जागा होत्या. ती म्हणाली, "आजोबा, मित्रांनी मिळून बांधलं तरी चालतं. इथेच लिहिलंय." दुसऱ्या जागेवर दत्तारामने पेनाने रेघ मारली होती.

त्याला इंग्रजी येत होतं, मंडळी. मला येत नव्हतं. त्याने ती ओळ वाचली नसेल? नऊ वर्षांत एकदाही?

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मान्य. मग जिवंत माणसाबद्दल खोटं लिहावं का?

नितीन, बाळा, त्या विमानाचं पुढे काय होईल याची मला तुझ्याइतकीच काळजी आहे. पण मी सही करणार नाही. तुझ्या बाबांनी नुसतं विचारलं असतं, तर ती जागा मी आपणहून सोडली असती. विचारलं नाही. हा घे तुझा कागद.

आता सगळे त्याच्यासाठी दोन मिनिटं गप्प उभे राहू. मी नऊ वर्षं राहिलो. आणखी दोन मिनिटं राहतो.