कौलांखालचा कागद

...बादली ठेव म्हणे! सख्खी थोरली बहीण, लहानपणी हिनंच मला नाक शिंकरायला शिकवलं, आणि आता ही अक्कल शिकवते, बादली ठेव! अहो, तुम्हाला सांगतो, झालं एवढंच की आमच्या झोपायच्या खोलीत छपरातून ठिबकायला लागलं. आता छप्पर गळलं की माणूस काय करतो? दुरुस्त करतो. बरोबर ना? पण नाही! कारण मधे आमची ही गेली, मूलबाळ नाही, त्यामुळे माझी भरती झाली 'एकट्याला काय करायचंय' या जमातीत. नवा पंखा? एकट्याला काय करायचंय! डझनभर अंडी? एकट्याला काय करायचीयत! आणि आता छप्पर!

आधी आले शेजारचे निवृत्त इंजिनीअर. हात पाठीमागे बांधून अंगणातनंच वर बघितलं. ''छे छे, कौलं ठणठणीत आहेत हो. एक फुटलेलं नाही. भास झाला असेल तुम्हाला. होतं असं, या दिवसांत.'' भास! उशी आणून त्यांच्या देखत पिळली, तर म्हणतात, ''हवेत दमटपणा असतो.'' मग आला मेहुणा. ''दाजी, कशाला त्या भानगडीत पडता? छताला रंग मारा, डागच दिसणार नाही. एकट्याला काय करायचंय?'' मारला रंग! पुढच्याच पावसात डाग पुन्हा हजर, आणि आता रंगाचे पोपडेसुद्धा उशीवर.

शेवटी छप्परवाल्याला बोलावला. त्यानं शिडी लावली, चार कौलं उचलून बाजूला ठेवली आणि मलाच वर बोलावलं. मी त्रेपन्न वर्षांचा, गुडघे दारासारखे करकरतात, पण चढलो! कौलांखाली फळ्यांवर काळा डांबरी कागद असतो, हे मला त्या दिवशी कळलं. हात लावला तर वाळक्या पानासारखा चुरा झाला हातात.

''कौलांना काय धाड भरलीय?'' तो म्हणाला. ''ती तुम्हाआम्हाला पुरून उरतील. मरतो तो खालचा कागद. फटीतनं थोडं पाणी आत येणारच, ते हा अडवतो. हा खिळ्यांपाशी फाटला की पाणी इथं शिरतं, वाशावरनं ओघळत जातं आणि ठिबकतं पार तिकडं.''

''पण बदलायची वेळ झाली हे कळायचं कसं?''

''भर दुपारी माळ्यावर जायचं, दिवा न लावता वर बघायचं. उजेड दिसला तर उशीर झाला.''

''आणि नाही दिसला तर?''

''तेव्हा कोण कशाला चढतंय माळ्यावर?''

घ्या! म्हणाला, ''तेवढ्यापुरतं ठिगळ लावू, का सगळा बदलू?'' आणि इथं मी गाढवपणा केला. ताईला फोन लावला.

''ठिबकतं कुठं नेमकं?''

''पलंगावर.''

''तुझ्या बाजूला?''

''नाही.''

''अरे मग! त्या बाजूला आता कोण झोपतंय? बादली ठेव पलंगावर. एकट्याला काय करायचंय अख्खं छप्पर?''

मी म्हटलं, ताई, आवाज तुटतोय... आणि ठेवला फोन. सांगणार काय होतो? की अजून मी माझ्याच कडेला झोपतो, कूस बदलली तरी हात पलीकडे जाऊ देत नाही, हे फोनवर सांगू? अहो, ती आजारपणातसुद्धा मला ढोसायची, ''सरका तिकडे! माझी जागा खाऊ नका!'' आणि तिथं मी बादली झोपवू?

छप्परवाल्याला सांगितलं, सगळा बदल. त्यावर हा मला आपादमस्तक न्याहाळतो. ''दहा वर्षांचा टाकू का तीस वर्षांचा? घरात माणसं किती?'' मी म्हटलं, मीच. ''अच्छा...'' त्याची नजर आली माझ्या पिकल्या केसांवर. ''मग दहाचा टाकतो की. एकट्याला काय...''

''तीसचा टाक!'' असा ओरडलो, तुम्हाला सांगतो, की शेजारचे इंजिनीअर भास झाला की काय ते बघायला बाहेर आले.

झालं काम. नंतर धो धो कोसळला, पण एक थेंब नाही आत! पलंग कोरडा. त्या बाजूला धुतलेली चादर घातली, उशीला नवा अभ्रा घातला. पण काम संपवून जाताना छप्परवाला म्हणाला होता, ''तीस वर्षं हमी माझी. फक्त एक आहे साहेब, हमी तुमच्यापुरती. मालक बदलला की संपली.''

''म्हणजे मी गेलो तर?''

''तर... संपलीच की.''

आता आली का पंचाईत? त्रेपन्न आणि तीस, त्र्याऐंशी! तोवर मरायचीसुद्धा सोय राहिली नाही. लवकर गेलो तर ही वर दारातच अडवणार, ''एवढा भारीतला कागद घातलात आणि आलात टाकून?'' काय उत्तर देऊ? बसतो आता जगत... करतो काय!