करवतीवरची लाल पाटी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळातील माझे सहकारी, आजच्या सत्कारमूर्ती मिस्त्रीताई, निमंत्रित पाहुणे, आणि या सामायिक कार्यशाळेच्या सभासद बंधुभगिनींनो,

अध्यक्षांचे भाषण उत्तम झाले. त्यात दोन चुका होत्या. पहिली किरकोळ आहे. मिस्त्रीताईंनी येथे बावीस वर्षे यंत्रांची देखभाल केली, असे ते म्हणाले. एकवीस वर्षे आणि चार महिने, असे म्हणावयास हवे होते. हसा, हरकत नाही. माझ्या पाठीमागे मला सगळे 'खाडाखोडकाका' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. ज्याने छापखान्यात अडतीस वर्षे मुद्रिते तपासली, त्याला दुसरे काय म्हणणार?

दुसरी चूक हसण्यासारखी नाही. अध्यक्ष म्हणाले, "एवढ्या वर्षांत ताईंच्या हातून एकच चूक झाली, करवतीवर पाटी लावायची राहिली. आज आपण ती पोटात घालू या." महोदय, ती पोटात घालता येणार नाही. ती ताईंच्या हातून झालेलीच नाही.

पाहुण्यांसाठी थोडे सांगतो. बर्फाच्या जुन्या कारखान्याची ही इमारत. आजूबाजूची माणसे येथे आपापले काम घेऊन येतात. कोणी खुर्चीचा मोडलेला पाय आणतो, कोणी शिवणयंत्र. यंत्रे सर्वांची, म्हणून नियमही सर्वांचे. त्यांतला सर्वांत जुना नियम लाल पाटीचा. ज्याला यंत्रात दोष दिसेल, त्याने पत्र्याची लाल पाटी त्या यंत्राच्या खटक्यावर तारेने अडकवायची. मागच्या बाजूस दोष आणि तारीख लिहायची. आणि ज्याने लावली, त्यानेच ती काढायची. दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही, मग तो विश्वस्त का असेना.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात विश्वस्तपदाची एक जागा रिकामी झाली. उमेदवार दोनच होते, मिस्त्रीताई आणि मी. प्रत्येकाने आपले निवेदन फळ्यावर लावले. माझे दोन पृष्ठांचे होते आणि त्यात एकही अशुद्ध शब्द नव्हता. त्यातले एक वाक्य मी अधोरेखित केले होते : 'माझ्या कार्यकाळात एकही यंत्र एकही दिवस बंद राहणार नाही.' ताईंचे निवेदन एका ओळीचे होते. 'बिघडलेलं यंत्र मी बंदच ठेवीन, कोणाला राग आला तरी.' ते वाचून आपण सर्व हसलो होतो. मी जरा जास्तच हसलो होतो.

मतदानाच्या पंधरा दिवस आधीच्या शनिवारी कार्यशाळा पाहण्यासाठी सर्वांना खुली ठेवली होती. सकाळी दहाला मी आलो, तर मोठ्या करवतीवर लाल पाटी. ताई नव्हत्या. त्याच करवतीचा नवा खटका आणायला त्या परगावी गेल्या होत्या, सोमवारी दुपारी परतणार होत्या. लोक तर दाराशी आले होते. मी करवत चालू केली, फळीचे तीन तुकडे कापले, बंद केली. तिन्ही वेळा ती नीट थांबली. मनात म्हटले, बाईंना उगाच संशय. पाटी काढली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. संध्याकाळी परत लावू, असे ठरवले होते. संध्याकाळपर्यंत तीस-चाळीस जणांनी माझे हात हातात घेतले. पाटी माझ्याबरोबर घरी गेली.

आता कोणी कुजबुजू नये. मला शेवटपर्यंत बोलू द्यावे. चहा थोडा थांबेल.

सोमवारी सकाळी नऊ वाजता आपले बाइंडर, तिसऱ्या रांगेत बसले आहेत, वह्या दाबायच्या फळ्या कापण्यासाठी करवतीवर आले. खटक्यावर पाटी नव्हती. त्यांनी काम केले, करवत बंद केली, पाते थांबले. पडलेला तुकडा उचलायला त्यांनी हात घातला, आणि पाते आपोआप पुन्हा फिरले. उजव्या हाताची दोन बोटे गेली. पुस्तके बांधणाऱ्या माणसाची. रुग्णालयात ते मला म्हणाले होते, "काका, आमची ही म्हणते, आता तरी घरी बसाल. मी म्हटलं, आठ आहेत अजून, आणि तुझ्याहून जास्त ऐकतात." मी त्यांच्याबरोबर हसलो. तोपर्यंत कपाटातल्या कोटाच्या खिशात मी हात घालून पाहिला होता.

दोन दिवसांनी चौकशीची सभा झाली, याच दालनात. ताई म्हणाल्या, "मी पाटी लावली होती. गुरुवारी रात्री सगळे गेल्यावर लावली होती, शुक्रवारी तर सुट्टी होती." मागून कोणीतरी म्हणाले, "मग गेली कुठे? पाय फुटले तिला?" तुम्ही हसलात. मग अध्यक्षांनी एकेकाला विचारले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "सोमवारी करवतीवर पाटी नव्हती." हे वाक्य शब्दशः खरे होते. त्याहून मोठे खोटे मी जन्मात बोललेलो नाही.

निवडणुकीत मला एकेचाळीस मते पडली, ताईंना नऊ. कार्यशाळेच्या चाव्या माझ्याकडे आल्या. ज्या बाईने त्याआधी एकोणीस वर्षे हे दार उघडले, ती दोन वर्षे रोज सकाळी पायरीवर उभी राहून मला म्हणत होती, "काका, उघडता का?" आणि मी उघडत होतो. बाइंडर आणि ताई पूर्वी एकाच बाकावर काम करीत, एकमेकांची टिंगल करीत. त्या दिवसापासून बाइंडर दुसऱ्या टोकाला बसतात. दोन वर्षांत त्यांनी ताईंना 'या' म्हटलेले नाही. त्यांचा काय दोष? त्यांना जे सांगितले गेले, ते त्यांनी मानले.

मग आजच का बोलतो आहे? गेल्या रविवारी ताई माझ्याकडे आल्या. "काका, राजीनाम्याचं पत्र आहे, सत्काराच्या दिवशी द्यायचंय. शुद्धलेखन तेवढं बघा, नाहीतर फळ्यावर लावाल लाल रेघा मारून." मी वाचले. मधोमध एक वाक्य होते : 'माझ्याकडून पाटी लावायची राहिली, त्याबद्दल मी सर्वांची क्षमा मागते.' मी विचारले, "हे का लिहिलंत? तुम्ही तर लावली होती म्हणालात."

त्या म्हणाल्या, "राहू द्या हो काका. तेव्हा वाटत होतं लावली. इतके सगळे म्हणतात तर राहिलीच असेल. माझंच डोकं चालत नसेल."

बोटे बाइंडरांची गेली, हे सर्वांना दिसले. ताईंचे काय गेले, ते मला त्या दिवशी माझ्या बैठकीत दिसले.

ही ती पाटी. मागे खडूने नव्हे, खिळ्याने कोरलेले आहे, म्हणून पुसले गेले नाही. वाचतो. 'सहा मार्च. बंद केल्यावर पातं कधीकधी परत फिरतं. हात घालू नये.' अक्षर कोणाचे, ते येथे सर्वजण ओळखतात.

विश्वस्तपदाचा राजीनामा आणि चाव्या मी अध्यक्षांपुढे ठेवतो. बाइंडर, तुमच्यापुढे ठेवण्याजोगे माझ्याकडे काहीच नाही. ताई, तुमच्या पत्रातले ते वाक्य मी तपासले नाही, खोडले आहे. पत्र तुम्हाला परत करतो. द्यायचे की नाही, हे तुम्ही ठरवा.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, याबद्दल मी आपला आभारी आहे. भाषेत काही उणे राहिले असेल, तर तेवढ्यापुरती क्षमा असावी. बाकीच्यासाठी मी ती मागत नाही. कार्यवृत्तात पुढील तारखा दुरुस्त करून घ्याव्यात.

सहा मार्च, गुरुवार : मिस्त्रीताईंनी करवतीवर लाल पाटी लावली.

आठ मार्च, शनिवार, सकाळी दहा : ती मी काढली.

दहा मार्च, सोमवार, सकाळी नऊ : अपघात. दुपारी बारा : पाटी माझ्या कोटात आहे, हे मला कळले.

बारा मार्च, बुधवार : चौकशी. मी सांगितले नाही.

तेवीस मार्च, रविवार : मी निवडून आलो.

त्यानंतरची दोन वर्षे : वरीलप्रमाणे.

वीस मार्च, आज : पाटी जिची तिच्या हाती.