एकतिसावा नग

(बडोदे, १९१२. वाडी भागातल्या मथुराबा या गुजराती बाईंची जुनी वखार. श्रीकृष्णपंतांची वहिवाटदार, म्हणजे तालुक्याचे अंमलदार, म्हणून अमरेलीला बदली झाली आहे. घरचं सामान इथे भाड्याने ठेवून झालं आहे.)

पंत : अगं, पण खाट अशी आडवी का पसरलीस? भिंतीला उभी करायची, म्हणजे जागा वाचते. आणि गादी कुणी सोडली? काल मी स्वतः सुतळीनं आवळली होती.

सुहासिनी : हवा लागू दे जरा. कोंदली तर कसर लागते.

पंत : आणि कंदिलात तेल? वखारीत वाचत कोण बसणार आहे, उंदीर?

मथुराबा : उंदीर नथी भाई, माझी मांजर आहे ने!

पंत : कोपऱ्यात शेगडी, खिडकीत तुळस... तुळस कुणी वखारीत ठेवतं का? बरं, ते राहू दे. संध्याकाळची गाडी आहे. तुझी ट्रंक कुठंय?

सुहासिनी : खाटेखाली.

पंत : मग काढ बाहेर. टांगा खोळंबलाय.

सुहासिनी : ती यादीत आहे. यादीतली काडीसुद्धा बाहेर जाता कामा नये, असं तुम्हीच मथुराबांना बजावलंत.

मथुराबा : बे वार बजावलं. मी म्हटलं, सरकारी माणूस, बोलणं पक्कं.

पंत : कुठली यादी?

सुहासिनी : मी लिहिलेली. परवा जेवता जेवता तुम्ही पानोपानी सही केलीत.

पंत : सह्या मी दिवसाला दोनशे करतो! वाचायला हाताखाली कारकून असतात.

सुहासिनी : घरी कुठला कारकून? आता वाचा.

पंत : अठ्ठावीस, शेगडी. एकोणतीस, कंदील. तीस, खाट, गादीसकट. एकतीस... "सौ. सुहासिनी, एक नग. ट्रेनिंग कॉलेजची परीक्षा होईपर्यंत." अगं, हे काय!

मथुराबा : मी अंगठा दिला त्याच्यावर. आता फुटतूट झाली तर जबाबदारी माझी.

पंत : तुम्ही हसू नका! लोक काय म्हणतील? वहिवाटदाराची बायको वखारीत!

सुहासिनी : म्हणोत. अहो, दोन वर्षं घासलीत मी. तीन महिने उरलेत. आता उठले तर पुन्हा बसणं नाही, हे मला कळतं. नवसारीच्या बदलीतही "पुढच्या वर्षी बघू" झालंच होतं.

पंत : मग तोंडानं सांगायचं होतंस.

सुहासिनी : चारदा सांगितलं. चारही वेळा "बरं, बरं" म्हणालात आणि सुतळी आणायला गेलात.

पंत : ...गेलो होतो खरा.

मथुराबा : मी भिंतीपलीकडेच निजते, भाई. दीकरीसारखी, पोटच्या पोरीसारखी सांभाळीन. मलाही संध्याकाळी बोलायला कोणी पाहिजे ने.

पंत : आणि तिकडे मी खायचं काय?

सुहासिनी : लोणच्याच्या बरण्या तुमच्या पेटीत आहेत. भाताला पाणी किती, ते डब्याच्या झाकणावर चिकटवलंय. तेवढं मात्र वाचा.

पंत : आणि करपला तर?

सुहासिनी : वरचा वरचा खायचा.

मथुराबा : टांगेवाला हाका मारतो, बूम पाडतो, भाई.

पंत : पाडू दे. मथुराबा, इथे जवळपास सुतार कोण?

सुहासिनी : सुतार कशाला आता? गाडी चुकेल.

पंत : चुकू दे. दाराला बाहेरून दोन दोन कुलपं, आणि आतून साधी कडी नाही. ती कडी बसल्याशिवाय मी इथून हलत नाही.