मेन कॉकवरची टिकली

माझं घर फार टापटीप असतं म्हणता ना, मग हे ऐकाच. शारजाच्या व्हिलात तळघरातली लाँड्री रूम मी नवी करून घेतली. घराच्या पाण्याचा मेन कॉक तिथल्याच भिंतीत, आणि त्यावर कळकट प्लॅस्टिकचं झाकण. ते काढून मी तिथे टाइलचंच दार बसवलं. एका ठरावीक कोपऱ्यात दाबलं तरच उघडायचं. मिस्त्रीने कोपरा एकदा दाखवला होता, तेवढं मला पुरेसं वाटलं.

मित्र जेवायला येणार म्हणून भिंत पुसायला गेलो, तर एका टाइलवर टिकली! बायकांना आरसा काय, भिंत काय, टिकली चिकटवायला कुठलीही जागा चालते. नखाने खरवडून काढली. मग मित्रांना म्हटलं, "दार शोधून दाखवा." कुणालाही सापडलं नाही. काय खूश होतो मी!

आठवड्याने मशीनचा पाइप निसटला. घोट्याएवढं पाणी. मी एकेक टाइल दाबत सुटलो, एकही हलेना. बायकोला ओरडून विचारलं, "स्मिता, दार कुठंय?"

ती वरून शांतपणे म्हणाली, "टिकली लावून ठेवलीय बघ. तिथे दाब."

प्लंबरने सहा टाइल्स फोडल्या, तेव्हा दार सापडलं. वर म्हणाला, "साहब, काम बहुत सफाई का था."

आता तिथे पुन्हा प्लॅस्टिकचं झाकण आहे, जिन्यावरूनच दिसणारं. त्यावरही टिकली आहे. मी म्हटलं, "आता कशाला? झाकण दिसतंय की."

"झाकणासाठी नाही," स्मिता म्हणाली, "तुझ्यासाठी लावलीय."