पाचातला एक शब्द

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, शाळा समितीचे माननीय साहेबराव पाटील, मुख्याध्यापिका मंजुश्री मॅडम, मंचावरचे मान्यवर, जळकोटचे ग्रामस्थ आणि माझ्या लेकरांनो,

दानम्मा का आली नाही, असं दारातच चौघींनी विचारलं. माझी बायको तीन आठवडे लातूरला दवाखान्यात आहे. मीही तिथेच असायला हवं होतं, पण तिनंच मला इकडे पिटाळलं.

मॅडम आत्ता म्हणाल्या, शंकरप्पा सरांनी तीस वर्षं गणित शिकवलं. खरं सांगू का? त्यातले पाचच शब्द मी जीव तोडून शिकवले. अशक्य, कमी शक्यता, समसमान शक्यता, जास्त शक्यता, नक्की. पिशवीत नऊ काळ्या गोट्या, एक पांढरी. न बघता पांढरी निघेल का? आपली लेकरं काय म्हणायची? "देवाला माहीत, सर." मी शून्य द्यायचो. हा मल्लेश बसलाय ना मागं, तो म्हणाला, "निघंल की सर, माझ्या हाताला यश हाय." आणि पठ्ठ्यानं पांढरीच काढली. मी म्हणालो, निघाली तरी तुझं उत्तर चूक. लई कडक होतो मी. हसा, हसा.

दानम्माला बघणारी डॉक्टर आपल्याच शाळेची, अंजू. गेल्या सोमवारी तिला गाठलं. ती "बघू सर, प्रयत्न चालू आहेत" म्हणून राहिली. मी म्हटलं, "बाळ, घुमवू नकोस. पाचातला एक शब्द सांग."

तिनं मान खाली घातली. "सर, कमी शक्यता."

उत्तर बरोबर होतं. पण मी हात जोडले, "अंजू, 'देवाला माहीत' म्हण की गं."

"ते तर मी रोजच म्हणून राहिले, सर," ती म्हणाली. "पण तुम्ही शाळेतलं विचारलंत."

काय करणार मी? ज्याला फक्त मोजता येतं, त्यानं अशा वेळी करायचं तरी काय?

आजचा सत्कार सपत्नीक आहे. तिची साडी पुरुषाच्या हाती देत नाहीत, मला ठाऊक आहे. पण आज द्या. साडेचारची लातूर गाडी गाठायची आहे. सकाळी तिला साडीचं सांगितलं, तर तिनं विचारलं, "मी नेसंन का ओ ती?"

मी म्हणालो, "नक्की."

आपण सर्वांनी माझ्यासारख्याला एवढा मान दिलात, मी आपला ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. तो एक शब्द मात्र मी जाणूनबुजून चुकवलाय. त्याची माफी मागत नाही.