सहाच्या आतला आकडा

अमरावतीच्या दवाखान्यात बाकावर दोन माणसं होती आणि नर्स माधवीच्या टेबलावर श्वासातला धूर मोजणारं एक यंत्र. आकडा सहाच्या आत आला, तर बिडी सुटली असं धरायचं.

"कशी सोडली, भगवंतभाऊ?" शेजारच्या देवमनने विचारलं.

"सुपारी-तंबाखूचा खर्रा धरला. बिडीची आठवनच येत नाही."

"मंग खर्रा?"

"त्याचं पुढं पाहू. तुमी कशी सोडली, देवमनभाऊ?"

"विकत घेनंच बंद केलं. सून म्हने, बिडी सोडा, मंगच नातीले हातात देईन. महिनाभरात एक बंडल घेतलं नाही."

"आन् तलफ आली तं?"

"मांगितली का देतात लोक. आपल्याकडं कोनी नाही म्हनत नाही."

"नात केवढी हाय?"

"चाळीस दिवसाची. आज आकडा दाखवला का घेतो."

माधवीने दोघांना फुंकायला लावलं. भगवंतचा आकडा चार आला, देवमनचा एकवीस.