मागच्या पाटावरचा सलीम

तलावाच्या तळाशी काय घडलं याचा अहवाल मी काठावर खुर्ची टाकून लिहिला आहे. ऐका.

सावली गावाजवळच्या आमच्या तलावात गणपतभाऊ जन्मभर नाव चालवायचे. पलीकडच्या गावाला रस्ता झाला, तेव्हा मच्छीमार सोसायटीनं त्यांची नाव दगड भरून बुडवली. मासे आसऱ्याला आले तर राहू द्यायची, नाहीतर काढून सरपणाला द्यायची, असं ठरलं. गणपतभाऊंना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

पाहणीला उतरला आमचा वेल्डर सलीम. तो मालवणला डायव्हिंग शिकून आलेला. वर आला तेव्हा चेहरा पांढराफटक.

"मासे हायेत का?" गणपतभाऊंनी विचारलं.

"लय हायेत, भाऊ. नाव गच्च भरली. फक्त मागचा पाट रिकामा होता. मी तिथी बसलो, त सारे मासे वळले अन् मायाकडे पाहत थांबले."

"तो नावाड्याचा पाट हाये. मी पाय आपटला का नाव सुटे. तोवर लोकं असेच पाहत राहत. तू पाय त नाई ना आपटला?"

"वर याले पाय आपटाच लागते ना, भाऊ!"

"किती डाव?"

"दोनदा."

"मीबी दोनदाच आपटो," गणपतभाऊ म्हणाले.

सकाळी पाहिलं तर खुणेसाठी नावेला बांधलेला डबा पलीकडच्या काठाशी तरंगत होता. नाव त्याच्याखालीच होती, दगडांसकट.

सोसायटीच्या वहीत मी 'प्रवाहामुळे सरकली' असं लिहिलं. तलावाला प्रवाह कुठला, हे अजून एकाही सभासदानं विचारलेलं नाही.